पुस्तकावानी

होळी झाली की नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडाच्या गल्ल्यांत लगनसराई उतरते. परवा सकाळी मी तिकडे गेले होते. घ्यायचं काही नव्हतं. घरात लग्नाचं कुणी नाही आणि आमचं दुकानही कधीचंच दुसऱ्याचं झालं आहे. तरी ऊन तापायला लागलं की माझे पाय तिकडे वळतात. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास, पांढऱ्या गाद्यांवर सांडलेले रंग, डोक्याला दुपट्टे गुंडाळून आलेल्या मावश्या आणि काकू, आणि त्यांच्या मधोमध गोंधळून बसलेली नवरी मुलगी. "दादा, थे वरचं काढा. थे नाही हो, त्याच्या बाजूचं." या एका वाक्यावर त्या बाजाराचा अख्खा उन्हाळा चालतो.

त्या गर्दीत उभी असताना मला एक प्रश्न आठवला. काही दिवसांपूर्वी एका कॉलेजात माझं भाषण होतं. ते संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, लेखिका म्हणून तुमचं ध्येय काय?" मी काहीतरी गोलगोल उत्तर दिलं. टाळ्या पडल्या. मला मात्र ते उत्तर पटलं नव्हतं. माझं ध्येय कधी एक नव्हतंच. ते बदलत गेलं, आणि सगळ्यात मोठं वळण त्याने घेतलं ते एका लगनसराईत. थोडं या बाजारात, थोडं महाल भागातल्या आमच्या घरी, माडीवरच्या खोलीत.

पहिलं ध्येय अगदी साधं होतं. आपलं नाव छापून यावं. शाळेत असताना रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर माझी चार ओळींची कविता आली, तेव्हा मी तो अंक इतक्यांदा उलगडला की घडीवर कागद फाटला. बाबूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो अंक दुकानात नेला. आमचं लुगड्यांचं दुकान होतं. त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी कवितेखालचं नाव दाखवलं गेलं आणि मग लुगडी. कविता कुणी वाचली नसावी. बाबूजींनीही नाही. पण "माह्या पोरीचं नाव हाय हे!" असं म्हणताना त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता, असं आमच्याकडे काम करणारे वसंताभाऊ पुढे कितीतरी वर्षं सांगायचे.

कॉलेजात गेले आणि नुसतं नाव पुरेनासं झालं. आता पुण्याने वाचावं असं वाटू लागलं. घरी "काय करून राहिली" बोलायचं आणि कागदावर "काय करते आहेस" लिहायचं. कागदावरची ती भाषा मला हळूहळू इतकी आवडू लागली की घरची भाषा म्हणजे घरात वापरायची चप्पल वाटायची, बाहेर पडताना बदलायची. मी मराठीची प्राध्यापिका झाले. लग्न झालं. कथा दिवाळी अंकांत येऊ लागल्या. चाळिशीला टेकले तेव्हा एक कादंबरी लिहीत होते. तिची नायिका समुद्राकाठच्या घरात एकटी राहायची आणि संध्याकाळी लाटांकडे बघत विचार करायची. मी समुद्र तोवर दोनदाच पाहिला होता. पण पुण्याच्या एका प्रकाशकांनी सुरुवातीची प्रकरणं वाचून "पूर्ण करून पाठवा" असं कळवलं होतं, आणि माझ्या मनात तर पुरस्काराच्या दिवशी नेसायची साडीसुद्धा ठरली होती.

त्याच उन्हाळ्यात बाबूजी पडले.

दुकानातच. गिऱ्हाइकापुढे लुगड्याची घडी मोडता मोडता त्यांचा उजवा हात थांबला आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसता आवाज आला. वसंताभाऊंनी त्यांना धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, ओठ हलवले. काहीच आलं नाही. हा माणूस जन्मभर बोलण्यावर जगलेला. दुकानाच्या पायरीवर कुणी नुसतं सावलीला टेकलं तरी याच्या गप्पांत गुंतून लुगडं घेऊनच उठायचं. तो आता एका शब्दासाठी कपाळाला आठ्या घालून धडपडत होता आणि मी त्यांचा हात धरून म्हणत होते, "राहू द्या बाबूजी, राहू द्या."

दवाखान्याच्या जिन्यावर अख्खा विदर्भ बसलेला असायचा. कुणी चंद्रपूरहून आलेलं, कुणी यवतमाळहून, कुणी गोंदियाकडून. डब्याचं झाकण उघडलं की ओळख व्हायची. "तुमचं कोन हाय आत?" एवढ्या प्रश्नावर बाया आपलं सगळं आयुष्य सांगून टाकायच्या. माझ्या पिशवीत कादंबरीची पानं असायची. ती मी बरोबर का नेत होते कोण जाणे, उघडत तर नव्हते.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "हातापायात जोर येईल हळूहळू. बोलणं किती येईल आणि कधी, ते आज सांगता येत नाही. त्यांना समजतं सगळं, शब्द तेवढा सापडत नाही. तुम्ही बोलत राहा. हे काय, ते काय, असं विचारून परीक्षा मात्र घेऊ नका."

माझा भाऊ भिलाईला नोकरीत होता. मला कॉलेजची सुट्टी लागली होती. म्हणून मी माहेरी राहायला आले. सकाळी वसंताभाऊंबरोबर दुकान उघडायचं आणि दुपारी घरी येऊन बाबूजींजवळ बसायचं, असं ठरलं. खिडकीत कूलर घरघरत असायचा. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास खोलीभर पसरलेला. आई पलंगाशेजारी खाली बसून पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत असायची. आणि शब्दांवर पोट भरणाऱ्या मला, वडिलांशी काय बोलावं, तेच सुचत नव्हतं.

मग वाटलं, कादंबरी वाचून दाखवावी. आपलं लिहिलेलं त्यांना ऐकवायची ही पहिलीच वेळ. घसा साफ केला, आवाज लावला आणि पहिलं प्रकरण सुरू केलं. लाटा आल्या, संधिप्रकाश आला, नायिकेच्या मनातलं काहूर आलं. दुसऱ्या पानाच्या शेवटी मान वर केली, तर बाबूजी कूलरकडे तोंड करून गाढ झोपले होते.

आई म्हणाली, "चांगलं हाय वं. झोप तरी लागली त्याइले."

दुसऱ्या प्रकरणालाही तसंच झालं.

पुढे एक दिवस मी दुकानातून घरी आले ती उन्हाने पार शिणून. पुस्तकी काही वाचायचं त्राण नव्हतं. पलंगाच्या कडेला बसले आणि मनात होतं ते बोलत सुटले. "बाबूजी, आज काय झालं मालूम हाय का? मौद्याकडच्या दोघी जावा आल्या होत्या. पोरीचं लगन हाय. पोरगी मोठीची, पन लहानपनापासून राहिली धाकटीपाशी. आता मोठी म्हनते हिरवं लुगडं पाह्यजे, धाकटी म्हनते लाल. अन् बोलून नाही राहिल्या एकमेकीसंग! मोठी वसंताभाऊले म्हनते, भाऊ, सांगा ह्याइले. धाकटी म्हनते, भाऊ, तुमीच सांगा त्याइले. एकाच गादीवर पाठीले पाठ लावून बसल्या होत्या सकाळभर."

बाबूजींनी कूलरकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. त्यांची डावी भुवई वर गेली. ती भुवई मी लहानपणापासून ओळखत होते. तिचा अर्थ एकच, मंग?

"मंग घेतलं का नाई?" आईने तोंडाने विचारलं.

"नाई ना. पानी पेल्या, अन् तशाच उठून गेल्या."

बाबूजींच्या ओठाचा डावा कोपरा हलला. आजारानंतरचं त्यांचं ते पहिलं हसू.

त्या दिवसापासून दुपारी मी बाजार घरी आणू लागले. सांगताना माझी नजर त्यांच्या डोळ्यांवर असायची. पाल्हाळ लागलं की ते छताकडे बघायचे. घाईने पुढे गेले की भुवई वरच्या वर राहायची, म्हणजे काहीतरी सुटलं आहे. "बाई फार व्याकुळ होती" म्हटलं तर नजर छताला. "पदराचं टोक चावून चावून ओलं केलं होतं तिनं" म्हटलं की नजर माझ्यावर. इतकी वर्षं लिहीत होते, पण समोर बसून, सॉरी, पडून ऐकणारं माणूस मला कधी मिळालं नव्हतं. सकाळी दुकानात बसल्या बसल्या मी आता माणसांकडे वेगळ्याच नजरेने पाहायला लागले. यातलं त्यांना काय आवडेल? हे त्यांना कसं दिसेल?

दरम्यान पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला. महिनाअखेर कादंबरी हातात हवी होती. यंदा राहिली तर पुढचं त्यांना सांगता येत नव्हतं. फोन बाहेरच्या खोलीत होता. तिथून आतलं दिसायचं. आई चमच्याने बाबूजींना पन्हं पाजत होती आणि हनुवटीवर ओघळलेलं पदराने टिपत होती. मी म्हटलं, "यंदा नाही जमणार." पलीकडचा आवाज सभ्यपणे "बरं" म्हणाला.

मी गच्चीवर गेले आणि वाळत घातलेल्या मिरच्यांशेजारी बसून रडले. इतक्या वर्षांचं एक स्वप्न एका वाक्यात संपलं होतं, आणि ते वाक्यही माझंच होतं. थोड्या वेळाने आई वर आली.

"काहून रडून राहिली वं, मंदे?"

"काही नाई. पुस्तक राहून गेलं."

ती तशीच माझ्याजवळ तापलेल्या फरशीवर बसली. पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "राहू दे. होईन मंग. पन उन्हात नको बसू बाप्पा, तू पडली तर मी कोनाकोनाले पाहू?"

मी रडता रडता हसले आणि आम्ही दोघी खाली आलो.

त्या दोघी जावा मात्र परत येईनात. आई रोज विचारायची आणि भुवईही विचारायची. एका दुपारी मी घरी आले तर आईने जिन्यातच थांबवून सांगितलं की, सकाळपासून बाबूजी काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते आणि जमलं नाही तसे रडले. बाबूजींना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आत गेले. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. त्यांना काहीतरी चांगलं द्यावं असं मला फार वाटलं, आणि माझ्याजवळ देण्यासारखं दुसरं काय होतं?

"बाबूजी, त्या दोघी आल्या होत्या आज!" मी सुरुवात केली. आणि मग सांगत गेले. मोठीचे डोळे कसे भरून आले होते, तिने धाकटीला कसं हृदयाशी धरलं, आणि ती कशी म्हणाली की, तुझ्या मायेपुढे माझा हट्ट किती क्षुद्र होता! दोघींनी मिळून हिरव्या अंगाचं आणि लाल काठाचं लुगडं निवडलं, तेव्हा सारं दुकान स्तब्ध झालं होतं. छानच जमलं होतं. आईने तर कैरीच्या गराने माखलेले हात लांब धरून कोपराने डोळे पुसले.

पलंगावरून आवाज आला. "झू..."

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. बाबूजी माझ्याकडे पाहत होते. कपाळाला आठ्या, ओठ घट्ट.

"झूट."

आईचे हात कैरीच्या गरात तसेच थांबले. "काय म्हनलं? काय म्हनलं तुमी?"

"झूट!" ते पुन्हा म्हणाले, अगदी स्वच्छ, आणि अर्ध्या चेहऱ्याने हसायला लागले.

आई उठली ती तशीच गराने भरलेल्या हातांनी. त्यांचा चेहरा तिने दोन्ही तळव्यांत धरला. गालांवर, कानांवर, उशीवर सगळीकडे गर. "बोलले वं! बोलले!" असं ती जिन्याकडे तोंड करून ओरडली, तशा खालच्या बिऱ्हाडातल्या काकू धावत वर आल्या. मी बाबूजींच्या पायांशी बसले होते आणि हसत होते का रडत होते, मलाच कळत नव्हतं. "हो बाबूजी," मी म्हणत होते, "झूट. पूरं झूट हाय."

नंतर शब्द एकेक करून आले. पाणी आलं, आईचं नाव आलं, माझं आलं. वसंताभाऊ भेटायला आले तेव्हा "दुकान?" आलं. पावसाळा संपता संपता मोडकी वाक्यं जुळू लागली. काही शब्द शेवटपर्यंत आलेच नाहीत. त्यांच्या जागी ते हात हलवायचे आणि आम्ही समजून घ्यायचो.

त्या जावा खरोखरच आल्या, त्याच लगनसराईच्या अखेरीस. गळाभेट वगैरे काही झाली नाही. धाकटी आल्या आल्या वसंताभाऊंना म्हणाली, "हिरवं बांधा." त्यावर मोठी म्हणाली, "काहून? लालच बांधा." आणि भांडण उलट्या बाजूने नव्याने सुरू झालं. शेवटी दोन्ही घेऊन गेल्या. हे सांगितलं तेव्हा बाबूजींनी डाव्या हाताने पलंगावर थाप मारली.

हिवाळ्यात एकदा ते गच्चीवर उन्हाला बसले होते. मी विचारलं, "बाबूजी, त्या दिवशी तुमाले कसं समजलं, मी झूट बोलून राहिली म्हनून?"

त्यांना शब्द गोळा करायला वेळ लागायचा. मी थांबले.

"झूट बोलाचं असलं," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "की तू... पुस्तकावानी बोलतं."

त्यात रागावणं नव्हतं. त्यांना उलट मौज वाटत होती. माझ्या मनात मात्र ते वाक्य कितीतरी दिवस फिरत राहिलं. शुद्ध बोलणारी सगळी माणसं काही खोटं बोलत नाहीत, आणि आमच्या बोलीतही थापा मारता येतात, हे मला कळतं. पण ते माझ्याबद्दल बोलले होते आणि माझ्याबद्दल ते खरं होतं. समुद्राकाठच्या त्या बाईशी माझी कधी ओळखच झाली नव्हती. ती कादंबरी मी पुढे हातात घेतली नाही. गांधीबागेतल्या माणसांवर लिहायला बसले, त्यांनी जसं बोलावं तसं त्यांना बोलू दिलं. आता मनात एवढंच असायचं की, पलंगावर पडलेल्या एका माणसाने तोंड फिरवू नये.

ते पुस्तक नागपूरच्याच एका लहानशा प्रकाशकाने काढलं. पुण्याहूनही काही वाचकांनी कळवलं. पुढे एक पुरस्कारसुद्धा मिळाला, त्याची शाल कपाटात आहे. ते सगळं आनंदाचंच होतं, नाही कशाला म्हणू? पण जे काही लिहिलं ते आधी बाबूजींना सांगितलं. दुकान विकल्यावर ते आणि आई माझ्याकडे राहायला आले, तेव्हाही. त्यांची भुवई पांढरी झाली, पण वर जायची थांबली नाही.

मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात ते गेले. झोपेत, शांतपणे. त्यानंतर मी लिहायला बसले की एक वाक्य लिहायचे आणि मान वर करायचे. समोर भिंत. त्या कॉलेजातल्या मुलीला मी गोल उत्तर दिलं ते यामुळेच. नाव झालं होतं, पुणं झालं होतं, आणि ज्याला सांगायचं तो माणूस राहिला नव्हता. ध्येय म्हणून दाखवावं असं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं.

परवा गांधीबागेतून घरी आले, जेवले आणि आडवी झाले. आई खाली बसून चिंच फोडत होती. चिंचोके एका बाजूला, चिंच एका बाजूला. तिने वर न बघता विचारलं, "बजारात गेली होती का?"

"हो."

तिने एक चिंचोका बाजूला टाकला. मग ती म्हणाली, "मले नाई सांगत का काही?"

मी उठून बसले. "तुले आयकाचं हाय?"

"बाप्पा! इतके वर्षं कोन आयकत होतं मंग?" ती म्हणाली. "त्याइले तर शेवटी शेवटी अर्धं आयकूच येत नव्हतं. तू उठून गेली की मी पुन्हा सांगत होती, मोठ्यानं."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्याच खोलीत बसलेली ती, आणि माझ्या लेखी ती कैऱ्या सोलत होती, गहू निवडत होती. मी तिच्याजवळ खाली जाऊन बसले. नवरी मुलगी सांगितली, तिच्या मावश्या सांगितल्या. आई मधेच "रंग कोनता?" विचारायची, मधेच "अस्सं!" म्हणायची. माझं सांगून संपलं तेव्हा तिने चिंचेचे हात पुसले.

"आता माह्यं आयक," ती म्हणाली.

आणि तिने तिच्या माहेरचं, मौद्याचं सांगायला सुरुवात केली. उन्हाळ्यात आटलेली कन्हान नदी, वाळूत लावलेल्या डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या वाड्या, गोड निघालं नाही तर डांगर तिथेच टाकून दुसरं फोडणाऱ्या पोरी. आठवडी बाजार. एका बाजारी तिच्या आईला लुगडं घ्यायचं होतं म्हणून तीही बरोबर गेली होती. नागपूरहून एक नवा जवान पोरगा गठ्ठा घेऊन आलेला.

मी पेन घ्यायला हात लांब केला. आईने तो अलगद धरून खाली ठेवला. "लिहू नको वं. आधी आयक तं खरी."

मी पेन राहू दिलं.

"एक लुगडं उघडलं त्यानं, दुसरं उघडलं. माह्या मायनं नाई म्हनलं तरी उघडूनच राहिला. पाहून राहिला माह्याकडे, अन् घड्या मोडून राहिला लुगड्याच्या. हा एवढा ढीग झाला."

"बाबूजी?" मी म्हटलं. "मंग काय बोलले?"

आई तोंडाला पदर लावून हसू लागली. ऐंशी ओलांडलेली माझी आई, हसता हसता लाजली.

"काय बोलन? येक शब्द नाई. माय उठली, मी उठली, तरी तुह्या बापाच्या तोंडातून येक शब्द नाई निघाला," ती म्हणाली. "तवाच समजलं मले."